वसईच्या रक्तसाक्षीपासून सोतोमेच्या समुद्रापर्यंत : 'मौन' कादंबरीच्या वाटेने नागासाकीत

शुसाकु एन्दो यांची 'चिम्मोकु', म्हणजेच 'मौन', ही कादंबरी १९६६ साली जपानमध्ये प्रसिद्ध झाली. १९६९ मध्ये विल्यम जॉन्स्टन या येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद वाचल्यापासून मला नागासाकीला जायचे होते. माझे घर वसईचे. संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आमच्याकडे चर्चला आहे, महाविद्यालयाला आहे आणि लहानपणापासून प्रवचनांतून आम्ही ते ऐकत आलो आहोत. वसईत जन्मलेले हे व्रतस्थ बंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मेले, परंतु डगमगले नाहीत. एन्दोंची कादंबरी मात्र डगमगलेल्यांची आहे. एकाच शहराने जगाला या दोन्ही गोष्टी दिल्या आणि त्या दोन्ही एकाच प्रवासात पाहाव्यात, या हेतूने गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मी तेथे चार दिवस राहिलो.

फुकुओकातील हाकाता स्थानकावरून निघून ताकेओ-ओन्सेन येथे समोरच्याच फलाटावर गाडी बदलली की सुमारे दीड तासात नागासाकी येते. स्थानकापासून निशिझाकाची टेकडी पायी पाच-सात मिनिटांवर आहे, त्यामुळे खोलीवर सामान ठेवून प्रथम तेथेच जावे. गोन्सालोंसह सव्वीस रक्तसाक्षींना, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांना, याच टेकडीवर क्रुसावर मारण्यात आले. त्यांच्या संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६२ मध्ये, येथे स्मारक आणि संग्रहालय उभे राहिले. यासुताके फुनाकोशी यांनी घडविलेल्या कांस्यमूर्ती एका लांब भिंतीवर ओळीने आहेत. त्यांची पावले जमिनीवर टेकलेली नसून खाली लोंबतात, आणि त्यामुळे ही माणसे एकाच वेळी टांगलेली आणि वर निघालेली दिसतात. सव्वीसांपैकी वीस जण जपानी होते आणि सर्वांत धाकटा लुदोविको बारा वर्षांचा होता. गोन्सालोंची मूर्ती शोधताना माझे मन भरून आले. पोर्तुगीज सैनिकाचा आणि वसईच्या आईचा हा मुलगा किशोरवयात जपानला आला, भाषा शिकला, पुढे व्यापारी झाला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेला आणि दुभाषा म्हणून परत जपानला आला. क्योतोत या सर्वांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि ऐन हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर चालवत त्यांना येथे आणण्यात आले. वसईहून जाणाऱ्यांनी या भिंतीसाठी निदान एक तास राखून ठेवावा आणि शक्य असल्यास फेब्रुवारीच्या आरंभी जावे, कारण त्या सुमारास टेकडीवर स्मरणाचा मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनाविधी, होतो.

दुसऱ्या दिवशी ट्रामने ओउरा चर्चला गेलो. १८६४ मध्ये पूर्ण झालेले हे चर्च त्याच सव्वीस जणांना अर्पण केलेले असून त्याचे तोंड निशिझाकाच्या दिशेला आहे. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातील काही शेतकरी येथे आले आणि त्यांच्यातील एका स्त्रीने तेथील धर्मगुरू फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितले की तुमचे अंतःकरण आणि आमचे अंतःकरण एकच आहे. मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. ख्रिस्ती धर्मावरील बंदीमुळे धर्मगुरूंवाचून, मिस्साविना, सुमारे अडीचशे वर्षे लपून राहिलेली श्रद्धा अशी उघड झाली. तीच मूर्ती आजही उजव्या बाजूच्या वेदीवर आहे. आत छायाचित्रे घेता येत नाहीत आणि टोपी काढावी लागते. प्रवेशमूल्य १,००० येन असून त्यात शेजारचे संग्रहालय पाहता येते. गर्दीच्या गटांबरोबर आत न शिरता सकाळी चर्च उघडताच जावे, म्हणजे बाकावर शांतपणे बसून प्रार्थना करता येते.

याच परिसरातील एका जुन्या घरातील संग्रहालयात एन्दोंनी एक फुमिए पाहिली होती. फुमिए म्हणजे ख्रिस्ताची किंवा मरियेची धातूची प्रतिमा, जी बंदीच्या काळात लपलेले ख्रिस्ती ओळखण्यासाठी लाकडी चौकटीत बसवून लोकांच्या पायांखाली ठेवली जाई. जो तिच्यावर पाय देई तो सुटे, आणि जो कचरे तो पकडला जाई. चौकटीच्या लाकडावर पायांच्या बोटांचे काळे डाग उरलेले पाहून, हे पाय कोणाचे आणि ते ठेवताना त्या माणसांना काय वाटले असेल, हा प्रश्न एन्दोंच्या मनात घर करून राहिला. फुप्फुसाच्या तीन शस्त्रक्रियांतून ते तेव्हा नुकतेच उठले होते. आईच्या इच्छेने बालपणी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या एन्दोंना आपला कॅथलिक धर्म हा आईने अंगावर चढविलेला, मापात न बसणारा पाश्चात्त्य सूट वाटत असे. तो टाकून देणे त्यांना जमले नाही, म्हणून तो उसवून आपल्या अंगाला बसेल असा पुन्हा शिवण्यात त्यांनी लेखनाचे आयुष्य घालविले. 'मौन'मधील तरुण पोर्तुगीज धर्मगुरू रॉड्रिग्ज लिस्बनहून गोव्यामार्गे मकावला आणि तेथून जपानला येतो, कारण त्याचे गुरू फरेरा यांनी धर्म सोडल्याची वार्ता त्याला खरी वाटत नाही. फरेरा इतिहासात खरोखर होऊन गेले. १६३३ साली नागासाकीत खड्ड्यावर उलटे टांगल्यानंतर काही तासांतच ते मोडले. रॉड्रिग्जचे काय होते ते येथे सांगत नाही. कादंबरी वाचूनच जावे, ही माझी या वृत्तांतातील सर्वांत कळकळीची सूचना आहे.

तिसरा दिवस पूर्णपणे सोतोमेसाठी ठेवावा. हा किनारा शहराच्या वायव्येस तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे आणि बसला सव्वा तास किंवा अधिक लागतो. बहुतेक वेळा साकुरा-नो-सातो येथे बस बदलावी लागते. मधल्या दाराने चढून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी आणि उतरताना भाडे द्यावे. सुटे येन जवळ असलेले बरे. फेऱ्या मोजक्याच आहेत. मी आठवड्याच्या दिवसांचे वेळापत्रक पाहून रविवारी गेलो आणि परतीसाठी थांब्यावर दोन तास बसलो. रविवारी चर्चमध्ये मिस्सा असल्याने आत पाहण्यासही मर्यादा येतात, म्हणून आठवड्यातला दिवस निवडावा आणि चर्चच्या भेटीची पूर्वसूचना द्यावी. शाकाहारी मंडळींनी डबा सोबत न्यावा.

एन्दो साहित्य संग्रहालय २००० साली उघडले. ते समुद्रावर झुकलेल्या उंचवट्यावर आहे. ते सकाळी ९ ते सायंकाळी ५ उघडे असते, मात्र साडेचारनंतर प्रवेश मिळत नाही आणि वर्षअखेरीस काही दिवस ते बंद असते. आतील बहुतेक मजकूर जपानीत आहे, तरी हस्तलिखितांसमोर भाषा आड येत नाही. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली ती अक्षरे इतकी बारीक आहेत की काचेला नाक लावून पाहावे लागते. शेवटी समुद्राकडे मोठ्या खिडक्या असलेली, केवळ बसून विचार करण्यासाठी राखलेली एक खोली आहे. तेथे मी तासभर बसलो. तेथून जवळच्या शित्सू गावात 'मौना'चा शिलालेख आहे. माणूस इतका दुःखी असताना, प्रभो, समुद्र मात्र अतोनात निळा आहे, अशा अर्थाचे एन्दोंचे शब्द त्या दगडावर कोरलेले आहेत. त्या दिवशी समुद्र खरोखर तसाच होता. शित्सूचे पांढरे, बुटके चर्च फादर द रोत्झ या फ्रेंच धर्मगुरूंनी १८८२ मध्ये बांधले. गरीब स्त्रियांना काम मिळावे म्हणून त्यांनी शेवया करायला शिकविले होते, आणि त्यांच्या नावाच्या शेवया आजही तेथे विकत मिळतात.

मात्र माझ्यासाठी या प्रवासाचे हृदय कुरोसाकीजवळच्या रानातील कारेमात्सू देवस्थान ठरले. चढण थोडी असली तरी वाट ओली आणि निसरडी असते, म्हणून चांगले बूट घालावेत आणि अंधारापूर्वी उतरावे. सान जिवान नावाच्या परदेशी धर्मगुरूंच्या स्मरणार्थ हे स्थान आहे. बाहेरून ते शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माचे मंदिर दिसते. पायवाटेच्या कडेला एक मोठा कातळ आहे. गुप्त ख्रिस्ती लोक उपवासकाळात रात्री त्याच्या आडोशाला बसून 'ओराशो', म्हणजे प्रार्थना, कुजबुजत पाठ करीत आणि मुलांना शिकवीत. हीच माणसे वर्षाच्या आरंभी अधिकाऱ्यांसमोर फुमिएवर पाय ठेवत आणि घरी येऊन अनुतापाची प्रार्थना म्हणत. वसईत आम्हाला संत गोन्सालोंसारखे व्हा असे शिकविले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु निशिझाकाच्या सव्वीसांची श्रद्धा ओउराच्या वेदीपर्यंत ज्यांनी पोहोचविली, ते पाय ठेवणारे लोक होते. एन्दोंनी ज्यांचा आवाज ऐकला ते हेच. कातळाला हात लावून मी मराठीत 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटले. आवाज मोठा निघाला नाही. तेथे कोणाचाच निघत नसावा.

परतीच्या सकाळी गाडीला वेळ होता, म्हणून पुन्हा निशिझाकाला गेलो. जाणाऱ्यांनीही शेवटच्या दिवशी अर्धा तास असा राखून ठेवावा. या वेळी मी गोन्सालोंच्या चेहऱ्याकडे कमी आणि त्यांच्या लोंबणाऱ्या पावलांकडे अधिक वेळ पाहत होतो.