पान ८७

नवं खोकं आलं की आधी मी पिना काढते. स्टेपलची जुनी पिन गंजते आणि गंज कागद खातो. पातळ पट्टी खाली सरकवायची, पिनेचे दोन्ही पाय उघडायचे, मग ती अलगद उचलायची. वाचन त्यानंतर. पण हात चालू असताना डोळे थोडेच मिटून घेता येतात? त्या मंगळवारी पिना काढता काढता पान ८७ समोर आलं आणि मी हातातली पट्टी खाली ठेवली.

मी मूळची लालबागची. गेली काही वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या एका अर्काइव्हमध्ये कॅटलॉगचं काम करते. लोक आपले जुने कागद आणून देतात, ते आम्ही नीट लावतो, क्रमांक देतो आणि सूची करतो. त्या आठवड्यात तीन खोकी आली होती. एकात झेरॉक्स करून वाटलेली मासिकं, दुसऱ्यात कॅसेटी, तिसऱ्यात एकशेचाळीस पानांचं टाइप केलेलं आत्मकथन. लिहिणारा १९८०च्या दशकात एका स्किनहेड बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. बँड अति-उजव्या गोटातला, गाणी वंशद्वेषाची. तो त्यातून बाहेर पडून जमाना झाला. दुपारी दोन वाजता तो स्वतः कागदपत्रांच्या करारावर सही करायला येणार होता.

थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण आपल्याकडे स्किनहेड म्हटलं की सगळे एकाच माळेचे मणी समजले जातात. १९६९च्या सुमाराची ती कामगारांची पोरं जमैकाचं स्का आणि रेगे संगीत ऐकायची. भादरलेलं डोकं, गॅलिस, डॉक मार्टेनचे बूट, आणि नाचायला काळ्या गायकांच्या तबकड्या. द्वेष नंतर आला, आणि बऱ्याच अंशी तो आणला गेला. स्क्रूड्रायव्हर हा त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध बँड आमच्याच भागातला, लँकेशायरमधल्या पोल्टन-ले-फाइल्ड गावचा. १९७७ साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा तो साधा पंक बँड होता. १९८२ साली इयान स्टुअर्ट डोनल्डसनने तो पुन्हा उभा केला तो उघड नाझी म्हणून. पुढच्याच वर्षी नॅशनल फ्रंट या अति-उजव्या पक्षाच्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, त्यांची रेकॉर्ड काढली. मग पैशांवरून पक्षाशी बिनसलं आणि १९८७ साली डोनल्डसनने ‘ब्लड अँड ऑनर’ ही स्वतःची संघटना काढली. बँडच्या रेकॉर्डी जर्मनीत कोलोनजवळच्या ब्रुएल गावातलं रॉक-ओ-रामा हे लेबल काढायचं आणि तिथून त्या युरोपभर जायच्या. १९९३ साली डोनल्डसन डर्बीशरमध्ये मोटार अपघातात गेला. जर्मनीने २००० साली ‘ब्लड अँड ऑनर’च्या तिथल्या शाखेवर बंदी घातली, आणि २००३ साली बर्लिनच्या न्यायालयाने लांडझर नावाचा अख्खा बँडच गुन्हेगारी संघटना ठरवला. आमच्या खोक्यातल्या माणसाचा बँड यात कुठेतरी तळाशी. दोन कॅसेटी, दहा-पंधरा कार्यक्रम, संपलं.

पहिली तीस पानं मी सकाळी सलग वाचली आणि खरं सांगायचं तर हलले. बाप कापड गिरणीत. गिरणी बंद पडते. बाप दिवसभर खिडकीत बसून राहतो, आई शाळेत भांडी घासायला जाते. हे माझ्या घरचंच होतं. माझे आजोबा परळच्या गिरणीत सूत कातायच्या रिंगखात्यात होते आणि त्यांच्या मशीनवर ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ अशी लोखंडी पाटी होती. नोकरीच्या निमित्ताने ओल्डहॅमला पहिल्यांदा गेले तेव्हा स्टेशनवरचं नाव वाचून मला रडू आलं होतं. ज्या १९८२ साली डोनल्डसनने इकडे बँड उभा केला, त्याच वर्षी जानेवारीत आमच्याकडे गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबा त्यानंतर कामावर गेलेच नाहीत. तेही खिडकीत बसायचे.

म्हणून पान ८७ जास्त लागलं.

८६वं पान जवळजवळ सगळं एका अ‍ॅम्प्लिफायरवर आहे. हप्त्यावर कुणाकडून घेतला, कोणता व्हॉल्व्ह उडाला, तो बदलायला कुणी मदत केली. ड्रमरच्या कुत्र्याचंही नाव आहे. पान उलटलं की चार ओळी, त्या अशा: ‘शुक्रवार होता. सराव संपवून व्हॅनकडे निघालो. गिरणीसमोरच्या बसस्टॉपवर एक पाकी उभा होता. त्याला चांगला चोपला, मग चिप्स खायला गेलो.’

पाकी. ही इथली शिवी आहे, देशाचं नाव नव्हे. तो माणूस पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचा असेल, बांगलादेशातल्या सिल्हेटचा असेल, आपल्या भरूचचा असेल, मारणाऱ्याला काय त्याचं. साठ-सत्तरच्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत रात्रपाळी करायला गोरे कामगार मिळेनात, तेव्हा ती या लोकांनी उचलली. रात्री गिरणीच्या बसस्टॉपवर उभा असलेला माणूस म्हणजे बहुतेक पाळीवर निघालेला किंवा पाळी सुटलेला. खिडकीतल्या बापाच्या जातीचाच.

माझं काम होतं नामसूची करणं. आत्मकथनात ज्याचं नाव आलं त्याची नोंद होते. अ‍ॅम्प्लिफायरच्या कंपनीची होणार होती, पबची होणार होती. या माणसाची होणार नव्हती, कारण त्याला नाव नव्हतं.

या प्रकारची आत्मकथनं मी पूर्वीही वाचली आहेत. जोसेफ पिअर्स स्वतः वादक नव्हता, पण याच संगीताच्या कार्यक्रमांमागे होता, नॅशनल फ्रंटचं तरुणांसाठीचं पत्र चालवायचा. वंशद्वेष पसरवल्याबद्दल दोनदा तुरुंगात गेला, पुढे कॅथलिक झाला आणि २०१३ साली त्याने आपली कहाणी छापली. अशी पुस्तकं यायला हवीत असं माझं ठाम मत आहे, कारण आतल्या माणसाशिवाय आतली गोष्ट कोण सांगणार? पण त्यांत लिहिणाऱ्याचा जीव कसा वाचला हेच बहुतेक असतं. अमेरिकेतलं एक पुस्तक मला म्हणूनच वेगळं वाटतं. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात अशाच एका बँडवाल्याने गोळीबार केला. त्यात गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका गेले. त्यांचा मुलगा परदीप आणि त्याच गोटातल्या एका बँडचा पूर्वीचा गायक आर्नो मायकेलिस, या दोघांनी २०१८ साली मिळून पुस्तक लिहिलं. मुखपृष्ठावर दोघांचीही नावं आहेत.

दोनच्या ठोक्याला तो आला. साठी उलटलेला, दोन्ही कानांत श्रवणयंत्र, हातात चहाचा कागदी पेला. पेला बाहेर ठेवावा लागेल असं मी म्हणाले तर त्याने निमूटपणे ठेवला. माझ्या वरिष्ठ बाईंना मी आधीच विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, कॅटलॉगसाठी लागणारं काहीही विचार, न्यायनिवाडा मात्र करायचा नाही.

सह्या झाल्या. मी पान ८७ त्याच्यासमोर ठेवलं. “या घटनेची तारीख आणि जागा हवी आहे.”

त्याने वाचलं. “हे इतकं महत्त्वाचं आहे?”

“सूचीसाठी लागेल. हा माणूस कोण होता?”

“नाव कुणाला माहीत असणार?” त्याचा आवाज चढला. “मी लपवलं तर नाही ना? लिहिलंय की सगळं.”

मी गप्प राहिले. माझे हात थरथरत होते म्हणून ते मी टेबलाखाली घेतले. तो पानाकडेच बघत होता. मिनिटभराने, खालच्या आवाजात म्हणाला, “डबा होता त्याच्या हातात. स्टीलचा, एकावर एक बसवलेला. तो रस्त्यावर उघडला. पिवळा भात होता.”

“हे यात नाही.”

“नाही. कशाला लिहायचं, असं वाटलं.”

आजोबांचा डबा पितळी होता, कल्हई केलेला. आजी त्याच्या कडीला ओल्या फडक्याची गाठ मारायची. हे मी त्याला सांगितलं नाही.

अर्काइव्हमध्ये आलेल्या कागदावर मागाहून काही लिहू देत नाहीत, अगदी लिहिणाऱ्यालाही नाही. म्हणून मी त्याला कोरा कागद आणि पेन्सिल दिली. तो बराच वेळ बसला. आठ-नऊ ओळी लिहिल्या, खाली गिरणीचं फाटक, बसस्टॉप आणि व्हॅन कुठे होती त्याचा नकाशा काढला. साल १९८४. कडाक्याची थंडी, पण नोव्हेंबर की फेब्रुवारी ते सांगता येईना. माणूस पडला तेव्हा त्याने आधी डब्याकडे हात नेला, हेही त्यात आहे. माझी माफी त्याने मागितली नाही. मागून उपयोगही नव्हता, मार मी खाल्ला नव्हता. निघताना दारात थांबला आणि विचारलं, “तो जगला का, ते कळेल?” मी म्हणाले, “बघते.”

त्या कागदाला स्वतंत्र फोल्डर आणि क्रमांक दिला. नामसूचीत नाव नसलेल्या माणसाची नोंद बसत नाही, त्यावर वरिष्ठ बाईंशी अर्धा तास बोलणं झालं. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. आता अ‍ॅम्प्लिफायरच्या कंपनीच्या वर एक ओळ आहे: ‘अज्ञात पुरुष, बहुधा रात्रपाळीचा गिरणी कामगार, बसस्टॉपवर मारहाण, १९८४, पान ८७, सोबतचा कागद व नकाशा पाहा.’

गावातलं जुनं साप्ताहिक मायक्रोफिल्मवर आहे. जेवणाच्या सुट्टीत मी एकेक अंक बघते. जानेवारी आणि फेब्रुवारी झाले, त्यात काही नाही. सोमवारपासून नोव्हेंबर लावणार आहे.