असेंबलरमध्ये फ्री काहून नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नागपुरात सिस्टम प्रोग्रामिंगचं प्रॅक्टिकल करून आलेली मुलं पहिल्यांदा खऱ्या कंपायलरमधला असेंबलर (असेंब्ली कोडचा मशीन कोड करणारा भाग) उघडतात, तेव्हा हा प्रश्न ठरलेला: "सर, सिंबॉल बनवताना मेमरी घेतलेली दिसते, पण फ्री कुठेच नाही. काहून?" (सिंबॉल म्हणजे लेबलसारख्या नावाची नोंद; फ्री म्हणजे घेतलेली मेमरी परत देणं.) लिहिणाऱ्याने आळस केला, असा त्यामागे संशय असतो. बहुतेक वेळा आळस नसतो. कधीकधी असतोही, आणि तो पकडायची युक्ती शेवटी दिली आहे.

आधी एक घोळ मिटवू. असेंबलरच्या संदर्भात 'मेमरी' म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. एक, तुमच्या प्रोग्रामसाठी आखलेली जागा. लोकेशन काउंटर, म्हणजे पुढचा बाइट कुठे बसेल तो आकडा, पुढे सरकवला की ती आखली गेली. बीएसएस सेक्शनमध्ये (सुरुवातीला शून्य असणाऱ्या डेटाची जागा) १ एमबीचा अ‍ॅरे मागितलात, तर ऑब्जेक्ट फाइलमध्ये त्याचा एकही बाइट जात नाही, फक्त आकार नोंदला जातो. दुसरी, असेंबलर चालत असताना त्याला स्वतःला लागणारी मेमरी: सिंबॉल, नावं, फिक्सअप (पत्ता कळल्यावर भरायच्या जागांच्या नोंदी). फ्रीचा प्रश्न या दुसरीचा.

आता हिशेब करू. सीताबर्डी हे नाव लेबलला दिलंत, रोमन स्पेलिंगमध्ये. ९ अक्षरं, शेवटचा शून्य धरून १० बाइट. ६४-बिट लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीच्या मॅलॉककडे (मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे) १० बाइट मागितले की तो ३२ बाइटांचा तुकडा अडवतो, कारण त्याहून लहान तुकडा तो ठेवतच नाही. ४८ बाइटांचा सिंबॉल मागितलात तर ६४ जातात. म्हणजे अशा एका सिंबॉलमागे ५८ च्या जागी ९६ बाइट. असे लाख सिंबॉल आणि दोन लाख मॅलॉक झाले, की मेमरीपेक्षा वेळ जास्त खटकतो. (हेच नाव देवनागरीत लिहिलंत तर ९ कोडपॉइंट, यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. जीएनयू असेंबलर असं नाव घेतो. म्हणून नावाची लांबी मोजायची ती बाइटांत, अक्षरांत नव्हे. प्रॅक्टिकलमधला २० कॅरेक्टरचा ठोकळेबाज अ‍ॅरे इथेच फुटतो.)

पण खरं कारण आयुष्याचं आहे. एखाद्या सिंबॉलचं काम संपलं, असं फाइल पूर्ण वाचून होईपर्यंत कुणीच सांगू शकत नाही. शेवटच्या ओळीतही त्याचा उल्लेख येऊ शकतो, आणि सिंबॉल टेबल तर सगळ्यात शेवटी लिहिलं जातं. एकेक सिंबॉल सोडून देण्याचा क्षणच येत नाही. सगळे एकदम जातात. मग जागाही एकदम का घेऊ नये? हाच अरीना: मोठा ठोकळा घ्यायचा, पॉइंटर ८ च्या पटीत आणायचा, हवे तेवढे बाइट पुढे सरकवायचा. एलएलव्हीएम या कंपायलर-संचाचा अलोकेटर ४०९६ बाइटांच्या ठोकळ्यांनी सुरुवात करतो, दर १२८ ठोकळ्यांनंतर आकार दुप्पट करतो, आणि मागणी ठोकळ्याहून मोठी असेल तर तिला वेगळा ठोकळा देतो. जीएनयू असेंबलर ऑबस्टॅक वापरतो. नाव वेगळं, चाल तीच.

अरीना समजला की पुढची घाई ठरलेली: "मग प्रत्येक फंक्शन संपलं की अरीना रिकामा करू." इथे जपून. कंपायलरची लेबलं फंक्शनपुरती वाटतात, पण स्विच स्टेटमेंटचा जंप टेबल रीड-ओन्ली डेटा सेक्शनमध्ये बसतो आणि तो त्याच लेबलांकडे बोट दाखवतो. डीबगची माहिती आणि एक्सेप्शनचे टेबलही फंक्शनच्या सुरुवातीचं-शेवटाचं लेबल नंतर मागतात. ती लेबलं फंक्शनसोबत गेली, तर लहान टेस्ट पास होतात आणि डीबगचा पर्याय लावला की कचरा निघतो. माझं मत स्पष्ट आहे: लेबल, नावं आणि फिक्सअप फाइलच्या अरीनात. फंक्शनच्या अरीनात फक्त ऑपरंड, एक्स्प्रेशनचे नोड, रजिस्टरच्या याद्या, आणि तेही फिक्सअपमध्ये अडकले नसतील तरच.

नावांचा सापळा याहून साधा आणि जास्त वेळा लागणारा. टोकनायझर (ओळीचे शब्द पाडणारा भाग) ओळ बफरमध्ये वाचतो आणि सिंबॉलचं नाव म्हणून त्या बफरमधलाच पॉइंटर ठेवून देतो. पुढची ओळ त्याच बफरवर येते. मग टेबल छापलं की धंतोली, सदर, महाल अशा सगळ्या लेबलांच्या जागी शेवटच्या ओळीचे तुकडे. अख्खी फाइल मेमरीत धरून ठेवणार असाल तर कॉपी नको, नाहीतर नाव पहिल्यांदा दिसताच अरीनात उतरवा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. सिंबॉल एका सलग अ‍ॅरेत ठेवले आहेत, क्षमता ६४, भरला की जागा वाढवणाऱ्या रीअ‍ॅलॉकने दुप्पट. ४० व्या ओळीवर पुढच्या, अजून न आलेल्या लेबलकडे जंप आहे. तुम्ही त्या लेबलची 'अनडिफाइन्ड' नोंद केलीत आणि तिचा पॉइंटर फिक्सअपमध्ये ठेवलात. ६५ वा सिंबॉल आला, रीअ‍ॅलॉकने सगळं दुसरीकडे हलवलं. नंतर लेबल सापडलं, त्याची किंमत नव्या जागी लिहिली गेली. फिक्सअप मात्र अजून जुन्या जागेकडे बघतोय. त्याला लेबल अनडिफाइन्डच दिसतं, किंवा भलतंच काही. वापरणारा म्हणतो, "लेबल समोर आहे, तरी सापडत नाही म्हणतो." त्यात रीअ‍ॅलॉकला जागेवरच वाढायला जागा मिळाली तर काहीच बिघडत नाही, त्यामुळे एका मशीनवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही. उपाय दोन: पॉइंटरऐवजी ३२-बिट इंडेक्स ठेवा, किंवा सिंबॉल अरीनात ठेवा, जिथे ठोकळे वाढतात पण जुना हलत नाही. मी अरीना घेतो. नाव शोधायचं हॅश टेबल वेगळं: ते तीन-चतुर्थांश भरलं की खुशाल वाढू द्या, कारण त्यात फक्त पॉइंटर आणि ३२-बिट हॅश असतात. हॅश जपून ठेवला की वाढवताना नावं पुन्हा वाचावी लागत नाहीत.

सिंबॉलची जागा हलता कामा नये. त्याची किंमत हलतेच. नागपूरच्या झिरो माईलच्या दगडावर गावांची अंतरं कोरली आहेत, तशी किंमत ठेवायची: कोडचा कोणता तुकडा, आणि त्याच्या सुरुवातीपासून किती बाइट. फरक इतकाच की इथे दगडच सरकतो. एक्स८६ वर जवळचा जंप २ बाइटांत मावतो, पल्ला −१२८ ते +१२७. त्याबाहेर गेला की ५ बाइट लागतात, कंडिशनल असेल तर ६. एक जंप वाढला की पुढचे सगळे तुकडे सरकतात. सिंबॉलमध्ये थेट पत्ता लिहून ठेवलात तर पुढचा प्रत्येक सिंबॉल दुरुस्त करत बसाल. तुकडा अधिक ऑफसेट ठेवलात तर कुणालाच हात लावायला नको. जंप वाढवा, पण एकदा वाढवलेला पुन्हा लहान करू नका. अलाइनमेंटमुळे (पत्ता ठरावीक पटीत आणायच्या भरावामुळे) लहान-मोठं, लहान-मोठं असं चक्र अडकू शकतं.

लिहिण्याच्या टप्प्यावर एकच सांगतो. ईएलएफ या ऑब्जेक्ट फाइलच्या फॉरमॅटमध्ये लोकल सिंबॉल आधी, ग्लोबल नंतर, शून्यावी नोंद रिकामी. म्हणजे क्रम शेवटी बदलतो. रिलोकेशनमध्ये (लिंकरने कुठे पत्ता भरायचा त्या नोंदीत) सिंबॉलचा इंडेक्स असतो. तो क्रम लावण्याआधी लिहिलात तर लिंकर कुरकुरही न करता भलत्याच फंक्शनला जोडून देईल. 

आणि आळस पकडायची युक्ती. असेंबलर स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालत असेल तर शेवटी फ्री न करणं योग्यच; प्रोसेस संपली की ऑपरेटिंग सिस्टम सगळं परत घेते. पण तोच कोड लायब्ररी म्हणून, जेआयटीत (प्रोग्राम चालू असतानाच मशीन कोड बनवणाऱ्या कंपायलरमध्ये) वगैरे वापरायचा असेल, तर एकाच प्रोसेसमध्ये तीच फाइल दोनदा असेंबल करा आणि दोन्ही आउटपुट बाइटाला बाइट ताडून बघा. दुसऱ्यांदा "लेबल आधीच डिफाइन आहे" आलं, तर अरीना रिकामा करणारा हॅश टेबल रिकामं करायला विसरला आहे. अ‍ॅड्रेस सॅनिटायझरवर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणाऱ्या साधनावर) इथे विसंबू नका: त्याला अख्खा ठोकळा एकच दिसतो, आतल्या एका सिंबॉलमधून शेजारच्यात लिहिलं तरी तो गप्प. टेस्टच्या बिल्डमध्ये रिकामा केलेला अरीना हाताने पॉइझन करा (त्या जागेला हात लावला की चूक दाखवेल अशी खूण करा), नाहीतर अरीना बाजूला ठेवून प्रत्येक सिंबॉलला सरळ मॅलॉक द्या आणि शेवटी सगळे फ्री करा. त्या एका बिल्डमध्ये फ्री असायलाच हवं.