घाटातल्या वळणावर

सातारा, रविवार, रात्री साडेनऊ.

पाच वर्षे सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावूनही ती मी कधी पाहिलेली नव्हती, हे आज सकाळी यवतेश्वर घाटातल्या एका वळणावर पाण्याच्या टेबलामागे उभे राहिल्यावर ध्यानात आले. धावणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते, त्याच्या टीशर्टवरचा घाम दिसतो, डांबर दिसते आणि मनगटावरचे घड्याळ दिसते. माणसांचे चेहरे पाहायचे असतील तर रस्त्याच्या कडेला थांबावे लागते, आणि मी आपखुशीने थांबणाऱ्यांपैकी नाही.

थांबवले ते नडगीने. पावसाळ्याच्या तोंडावर अंगात काय शिरले कोण जाणे, आठवड्याला चाळीस किलोमीटर धावणारा मी तीन आठवड्यांत पासष्टवर गेलो आणि त्यातही उताराचा सराव म्हणून दर रविवारी घाटातून खाली पळत सुटलो. आधी नडगी नुसती ठणकायची, मग दुखणे एका बोटाने दाखवता येईल इतक्या जागेवर येऊन बसले. पहिल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही, त्याचा सोयीस्कर अर्थ काढून मी आणखी दहा दिवस धावलो. शेवटी एमआरआयमध्ये हाडाचा बारीक तडा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, स्पष्ट दिसले. आठ आठवडे धावणे बंद, चालणे बेताने, असा हुकूम झाला. आजचा दिवस सातव्या आठवड्यात येतो. यात दोष द्यायला दुसरे कोणी सापडले असते तर बरे वाटले असते.

आमच्या धावण्याच्या क्लबाने पाण्याच्या टेबलावर उभे राहण्याविषयी विचारले, तेव्हा मी दोन दिवस उत्तर दिले नव्हते. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, घेऊन आलो होतो, तो कपाटाच्या खणात पालथा ठेवला आहे, आणि स्पर्धेचा टीशर्ट घालायची लाज वाटली म्हणून आज जुना निळा सदरा घातला. रस्ता बंद होण्याआधी, पहाटे पाचला, मित्राच्या स्कूटरवर मागे बसून वर गेलो. घाटात धुके इतके दाट होते की समोरचा अजिंक्यतारा तर सोडाच, कठड्यावरचा तेरडासुद्धा हात लांब केल्यावरच दिसत होता.

पाणी देण्यालाही हात बसावा लागतो, हे आजपर्यंत ठाऊक नव्हते. कागदी कप अर्धाच भरायचा, वरच्या कडेला दोन बोटांनी धरायचा, म्हणजे धावणाऱ्याला तो मधोमध पकडता येतो, आणि त्याचा हात लागताच आपला हात त्याच्याच दिशेने थोडा मागे न्यायचा. पहिले दहा-बारा कप मी तळाला धरले आणि सगळे पाणी लोकांच्या छातीवर सांडले. पुढचे धावपटू मात्र थांबलेच नाहीत, त्यांनी टेबलाकडे पाहिलेही नाही. धुक्यातून आधी बुटांचा आवाज आला, मग तिघेजण आले आणि चढावर असूनही तोंड मिटलेल्या चेहऱ्यांनी निघून गेले. त्यांच्या खूप मागे, आमच्या दमाचे लोक आले, तेव्हा मात्र सगळा घाट श्वासांनी भरून गेला.

माझ्याशेजारी डोक्याला टॉवेल गुंडाळलेले वरच्या गावचे एक आजोबा उभे होते. कोणतीही मुलगी जरा जोरात पळत आली की ते मला विचारत, "ही माणची का हो?" माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला, तेव्हापासून पळणारी प्रत्येक पोर आजोबांच्या लेखी माणचीच. मी चार वेळा ठाऊक नाही म्हणालो आणि पाचव्या वेळी, देवा क्षमा कर, हो म्हणून टाकले. त्यांनी त्या मुलीसाठी टाळ्या वाजवल्या आणि तिनेही धापा टाकत मान लववली.

स्वतःच्या बाबतीतही एक कबुली द्यायला हवी. ही स्पर्धा 2012 साली सुरू झाली तेव्हा मला धावण्याचे नावही नको होते, आणि 2015 मध्ये एकाच डोंगरावर अडीच हजारांहून अधिक लोक धावल्याची गिनीज बुकात नोंद झाली, त्या दिवशी मी रस्ते बंद केल्याबद्दल राजवाड्यावर पोहे खात कुरकुरत होतो. आज बंद रस्त्यामुळे अडकलेले दोन मोटारसायकलवाले तस्सेच कुरकुरत होते. त्यांना पाणी दिले.

वर जाऊन त्याच वाटेने परतायचे असल्यामुळे आमच्या वळणावर एक वेळ अशी आली की शेवटचे लोक अजून चढत होते आणि पहिले तिघे उतरून चालले होते. तिथून पुढे तासभर मी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही, पाय पाहिले. चांगले उतरणारे लहान लहान पावले टाकत होते, गुडघा किंचित वाकलेला, पाऊल कमरेच्या जवळजवळ खालीच पडणारे. बाकीचे अंग मागे झुकवून, पाय पुढे लांब फेकून, टाचेवर आदळत येत होते, म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेक लावत होते. सपाटीवरच दर पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. उतारावर असा ब्रेक लावत हजारो पावले टाकली की मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आवळलेले राहतात आणि उरलेला हादरा हाडाला सोसावा लागतो. त्या खटखट आवाजात मला माझे जून महिन्यातले रविवार ऐकू आले. एकदोघांना ओरडून सांगावेसे वाटले, पण शर्यतीच्या पंधराव्या किलोमीटरला कोणाची चाल सुधारत नसते.

आमच्या क्लबातले निवृत्त एसटी कंडक्टर काका चढताना माझ्यापाशी आले, तेव्हा सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, "काका, थोडंच राहिलंय!" ते थांबले, लिंबाची फोड मिठात बुडवून चोखली आणि म्हणाले, "तिकीट किती टप्प्यांचं फाडलंय ते कंडक्टरला शिकवू नकोस." उतरताना मात्र ते हसत आले, माझ्या पायाकडे बोट करून "पुढच्या वर्षी" एवढेच म्हणाले आणि गेले. मला त्यांचा मनापासून हेवा वाटला. दिवसभरात वाटलेल्या कौतुकात तो भेसळीसारखा मिसळलेला होता, हे इथे लिहून ठेवतो.

सर्वांत शेवटी, रुग्णवाहिका मागे हळूहळू येत असताना, एक बाई चालत खाली आल्या. टेबल आवरायला घेतले होते. शेवटचा कप त्यांना दिला, त्यांनी अर्धे पाणी प्यायले आणि अर्धे डोक्यावर ओतले.

मित्राच्या स्कूटरला वर यायला उशीर होणार होता, म्हणून वापरलेले कप पोत्यात भरून झाल्यावर मी दोन वळणे पायीच उतरलो, लहान पावले टाकत. आता जेवण झाल्यावर पलंगावर बसून नडगीवरची ती जागा अंगठ्याने दाबून पाहिली, आधी हलकेच, मग चांगली जोर लावून. दुखली नाही. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीचे नऊ दिवस अजून उरले आहेत आणि बूट दाराशीच आहेत. हिला अजून काही सांगितलेले नाही.