डब्यातले सहा टी-बोल्ट

व्हिडिओत 11व्या मिनिटाला डाय सेटर काका चौकटीबाहेर जातात आणि 17व्या मिनिटाला परत येतात. मधली सहा मिनिटं पडद्यावर नुसती थांबलेली प्रेस आणि तिच्या खालच्या पाटावर, म्हणजे बोल्स्टरवर, अर्धवट सरकवलेली डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, दिसते. हेल्पर एकदा कमरेवर हात ठेवून मागे बघतो, एवढंच. त्या सहा मिनिटांवर मी लाल रंगात लिहिलं होतं ‘शोधाशोध’.

चाकणमधल्या एका प्रेस शॉपमध्ये लीनचं, म्हणजे कामात वाया जाणारं कमी करण्याचं, प्रशिक्षण होतं. विषय नेहमीचाच, डाय बदलायचा वेळ कमी करणं. वर्गात डाय सेटर, हेल्पर, फोर्कलिफ्टवाला, क्वालिटीची एक मुलगी, सुपरवायझर आणि मागच्या खुर्चीवर प्रॉडक्शन मॅनेजर. अशा वर्गात मी सुरुवात फॉर्म्युला वन शर्यतीतल्या पिट स्टॉपने, म्हणजे चाकं बदलायच्या थांब्याने करते. मॅक्लारेनने 2023मध्ये कतारला चार चाकं 1.80 सेकंदांत बदलली, तो थांबा दाखवला की पेंगणारा माणूसही ताठ बसतो.

पण हा व्हिडिओ दाखवून ‘बघा, किती चपळ!’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकांचा मला मनापासून राग येतो. चपळाईत शिकण्यासारखं फार थोडं आहे. मी चित्र थांबवते ते गाडी यायच्या आधी. गाडी पिट लेनमध्ये ताशी 80 किलोमीटरच्या मर्यादेत येतेय, अजून पोचलेली नाही. पण नवी चाकं घेतलेले चौघे आपापल्या जागी आहेत. नट सोडवायची-आवळायची गन घेतलेले गुडघ्यावर बसलेत, बिघडली तर म्हणून जादा गन हाताशी आहे. पुढचा जॅकवाला चक्क गाडीच्या वाटेत उभा आहे. दर चाकाला तीन माणसं, एक गन चालवणारा, एक जुनं काढणारा, एक नवं बसवणारा. नट एकच आणि तोही चाकातच अडकलेला, म्हणजे खाली पडून हरवायचा प्रश्न नाही. 2010पासून शर्यतीत इंधन भरणं बंद झालं, तेव्हापासून थांबा म्हणजे मुख्यतः चाकंच. यातलं बहुतेक काम गाडी थांबायच्या आधी होऊन गेलेलं असतं.

मग उलटं उदाहरण देते. 1999, नूरबुर्गरिंग, फेरारीचा एडी अर्व्हाइन थांब्याला आला तर तीन टायर हजर, चौथ्याचा पत्ता नाही. जगातले निष्णात मेकॅनिक आणि जवळपास अर्धा मिनिट गाडी उभी! त्या वर्षीचं अजिंक्यपद त्याचं दोन गुणांनी हुकलं.

तिसरी गोष्ट जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची. 1950, हिरोशिमा, माझदा गाड्या बनवणारा तोयो कोग्यो कारखाना. 800 टनी प्रेसची डाय बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार शोधायला गेला तो तासाभराने परत आला. दुसऱ्या डायचा लांब बोल्ट कापून, त्याला आटे पाडून घेऊन आला होता. तिथे शिंगोंना सुचलं की मशीन थांबल्यावरच होणारी कामं वेगळी आणि मशीन चालू असताना उरकता येणारी वेगळी. पुढे 1969मध्ये टोयोटाच्या 1000 टनी प्रेसवर चार तासांचं काम आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं.

ही गोष्ट मी त्या दिवशी सकाळी साडेनऊला सांगितली. वेळ मुद्दाम लिहितेय.

नंतर चाकाचा खेळ. गाडीच्या हबचं एक स्टँड मी वेल्ड करून घेतलंय, चार नटांचं. पहिल्या फेरीत पाना पेटीत, नट पिशवीत, चाक भिंतीला टेकवलेलं. वेळ लागला 3 मिनिटं 50 सेकंद. मग त्यांनीच ठरवायचं काय कुठे ठेवायचं. तिसऱ्या फेरीत 48 सेकंद. टाळ्या पडल्या. तेव्हा डाय सेटर काका पहिल्यांदा बोलले. तिथे त्यांची सत्तावीस वर्षं झालीत.

“मॅडम, तिथं एका गाडीला वीस माणसं. इथं मी आणि हा पोरगा.”

मी ठरलेलं उत्तर दिलं, माणसं मोजू नका, तयारी बघा. काकांनी मान हलवली. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मी ते झटकलं. शर्यतीत दोन सेकंदांसाठी वीस माणसं उभी करणं परवडतं. प्रेस शॉपमध्ये वीस माणसं डायची वाट बघत उभी राहिली तर आपण ज्याला वाया जाणं म्हणतो ते हेच. पिट स्टॉपचं उदाहरण इथे तुटतं आणि ते तुटतं हे सांगणं माझं काम होतं.

दुपारी प्रत्यक्ष डाय बदल. 250 टनी प्रेस, पत्रा कापणारी ब्लँकिंगची डाय उतरवून त्याला आकार देणारी फॉर्मिंगची चढवायची. फोन स्टँडला लावला. जुन्या डायचा शेवटचा चांगला पीस पडल्यापासून नव्या डायचा पहिला चांगला पीस मंजूर होईपर्यंत 74 मिनिटं लागली. सगळ्यांसमोर व्हिडिओ लावून हिशेब मांडला. हातात पाना होता ती 19 मिनिटं. फोर्कलिफ्टची वाट 13. शट हाइट, म्हणजे प्रेस मिटल्यावर डायसाठी उरणारी उंची, जुळवताना रॅम (प्रेसचा वरचा हलता भाग) खालीवर करण्यात 15, कारण दोन्ही डायची उंची वेगळी. डायखाली पट्ट्या लावून उंची एक केली की हा प्रकारच संपतो, हे मला ठिकठिकाणी ओरडून सांगावं लागतं. पहिला पीस दुसऱ्या शेडमध्ये तपासायला नेला, त्यात 21.

राहिली ती सहा. मी विचारलं, “काका, कुठे गेला होतात?”

काका गप्प. हेल्पर बोलून गेला, “लॉकरला.”

मॅनेजर उठले. सगळे लॉकरपाशी. काकांनी कुलूप काढलं. आत टिफिन, एक स्वेटर आणि ऑइल पेंटचा जुना डबा. डब्यात तेलकट चिंधीत गुंडाळलेले, डाय प्रेसवर आवळायचे सहा टी-बोल्ट, नट-वॉशरसकट. मी एक हातात घेतला. एम-20, आटे स्वच्छ, नट बोटाने शेवटपर्यंत फिरत होता. चौघांच्या मानेवर पिवळ्या रंगाचा पट्टा, दोघांच्या तांबड्या. पिवळे फॉर्मिंगच्या डायला, तांबडे भोकं पाडणाऱ्या पिअर्सिंगच्या. लांबी डायप्रमाणे, म्हणजे पॅकिंग शोधत बसायला नको. बाहेरच्या रॅकमधलेही मी नंतर बघितले. निम्म्यांचे आटे चेपलेले. एकावर नट तीन वेढ्यांपुढे जाईना. अशा बोल्टावर क्लॅम्प आवळून 250 टनांखाली डाय चालवायची म्हणजे जिवाशी खेळ. नवीन बोल्टांची मागणी आठ महिन्यांपूर्वी परचेसला गेली होती आणि तिथेच पडून होती. प्रेस एक तास बंद राहिली तर किती पैसे जातात हे ज्या खात्याला कुणी विचारत नाही, ते खातं चार बोल्टांवर काटकसर करतं.

मॅनेजर मात्र एवढंच म्हणाले, “कंपनीचा माल लॉकरमध्ये लपवता? सत्तावीस वर्षांत हेच शिकलात?”

सगळ्यांसमोर. काका म्हणाले, “रॅकमध्ये ठेवले की दुसऱ्या शिफ्टला दिसत नाहीत, साहेब.” आणि डबा मॅनेजरांच्या हातात दिला.

मी मध्ये बोलायला हवं होतं. कागदावर ‘शोधाशोध’ लिहिणारी मीच. सकाळी साडेनऊला हिरोशिमाचा बोल्ट सांगितला आणि दुपारी तोच बोल्ट समोर आला, तर मला एक वेळकाढू माणूस दिसला. काकांनी आमच्या पुस्तकातलं निम्मं काम स्वतःच्या डब्यात करून ठेवलं होतं. लांबी ठरवली, रंग दिला, जागा नेमली. चुकली होती ती फक्त जागा आणि तीही त्यांनी नाइलाजाने निवडलेली. शर्यतीतले मेकॅनिक स्वतःचे व्हिडिओ स्वतः बघून सुधारतात. इथे एका माणसाला न विचारता त्याच्या मॅनेजरसमोर पडद्यावर लावलं, ते मी लावलं.

संध्याकाळी मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नाहीत, त्यांच्या डोक्यावर रोजचा आकडा असतो. पण काकांशी ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. मी बोलले, गेटवर. काका म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, बस चुकेल.”

तीन आठवड्यांनी परत गेले. डाय बदल 29 मिनिटांवर आला होता. प्रेसशेजारी ट्रॉली, तिच्यावर बोल्टांच्या आकाराच्या खाचा, पिवळ्या आणि तांबड्या. रंग काकांचेच ठेवलेत, हे बघून बरं वाटलं. डाय आधीच आणून ठेवतात, त्यामुळे फोर्कलिफ्टची वाट संपली. पट्ट्या लागल्या. पहिल्या पीसची तपासणी मात्र अजून त्याच दुसऱ्या शेडमध्ये होते आणि 29पैकी 14 मिनिटं तिथेच जातात. ती तपासणी गाळा असं मी कधीच म्हणणार नाही. 2018मध्ये मेलबर्नला हास संघाच्या दोन्ही गाड्या चौथ्या-पाचव्या असताना पिट स्टॉपनंतर चाकं नीट न आवळल्यामुळे बाद झाल्या. काम उरकलं आणि काम झालं यात तेवढा फरक आहे. मी फक्त तपासणीचं टेबल प्रेसजवळ मागितलंय. उत्तर आलेलं नाही.

ट्रॉलीत काकांचे बोल्ट मोजले, चार होते.

“दोन कुठेत, काका?”

त्यांनी लॉकरकडे बोट दाखवलं. “हे चार महिनाभर टिकू द्या. मग ते दोन पण लावतो.”