वाढत्या पायांचे बूट

आज सोलापुरात नवी पेठेत थोरल्या मुलीसाठी ट्रेकचे बूट घेतले. मुद्दाम संध्याकाळी गेलो. दिवसभरात पाय थोडे फुगतात, सकाळी नीट बसलेला बूट मग चढणीवर चावतो. दुकानदार म्हणाले, "दोन नंबर मोठा घ्या, दोन वर्षं जाईल." मला हे अजिबात पटत नाही! टाच आत सरकायला लागली की फोड आलेच, उतारावर पाय मुरगळायची भीती वेगळीच. जाड मोजे घालून उभं करायचं, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवायची, बस्स. महागडे वॉटरप्रूफ घेतले नाहीत. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काटे आणि ऊन, त्यात पाय घामानेच भिजतात. तिचे जुने धाकट्याला होतील, सोलच्या खाचा अजून शाबूत आहेत. राजगडाच्या ट्रेकआधी दोघांनाही हेच घालून रोज सिद्धेश्वर तलावाकडे चालवणार आहे.