राजाजी, बापाचा धंदा आणि शाहूंचे कोल्हापूर

कोल्हापुरात एखाद्या पुढाऱ्याला ‘प्रतिगामी’ म्हटले की त्याच्याविषयी पुढे चर्चा करण्याची कोणाला गरज वाटत नाही. आमच्या घरी आजोबांच्या पिढीत मते शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) खटारा या चिन्हाला पडत आणि चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजींचा स्वतंत्र पक्ष म्हणजे संस्थानिकांचा आणि गिरणीमालकांचा पक्ष, एवढ्या एका वाक्यात तो विषय निकालात निघत असे. सहकारी शेतीच्या जुन्या वादाविषयी वाचताना अलीकडे राजाजी पुन्हा समोर आले, आणि हा माणूस त्या एका वाक्यात मावणारा नाही, हे मान्य करावे लागले.

सेलमचे वकील, तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष, 1930 साली वेदारण्यमला मिठाचा सत्याग्रह करणारे गांधीजींचे अनुयायी, 1937 ते 1939 मद्रास प्रांताचे पंतप्रधान (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा असेच म्हणत), 1948 पासून 1950 च्या जानेवारीपर्यंत गव्हर्नर जनरल आणि सरदार पटेलांच्या निधनानंतर काही महिने देशाचे गृहमंत्री असा त्यांचा प्रवास आहे. काँग्रेसमध्ये राहूनही ते काँग्रेसच्या बहुमताबरोबर वाहत गेले नाहीत. 1942 च्या आंदोलनाला त्यांचा विरोध होता, आणि मुस्लिम लीगशी तडजोड करावी असा आग्रह धरल्यामुळे ते त्या काळात एकाकी पडले होते.

त्यांना सनातनी म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. 1939 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनी मदुरेच्या मीनाक्षी मंदिरात प्रवेश केला, तेव्हा त्या प्रवेशाला राजाजींच्या सरकारने कायद्याचे संरक्षण दिले. त्यांची मुलगी लक्ष्मी आणि गांधीजींचे चिरंजीव देवदास यांचा विवाह आंतरजातीय होता. इंग्रजीतल्या ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दाला मराठीत शिवी नसलेला प्रतिशब्द सापडत नाही, ही आपल्या भाषेची एक अडचणच आहे.

1952 साली ते मद्रासचे मुख्यमंत्री झाले, तेही निवडणूक न लढवता, विधान परिषदेवर नियुक्ती घेऊन. लोकशाही मानणाऱ्या माणसाला ही वाट शोभणारी नव्हती, असे माझे मत आहे. परंतु त्याच वर्षी त्यांनी धान्यावरची नियंत्रणे आणि रेशनिंग उठवले. टंचाईच्या दिवसांत हा निर्णय घ्यायला धाडस लागते. नियंत्रणामुळेच साठेबाजी आणि लाचखोरी पोसली जाते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि पुढे ज्याला त्यांनी ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ असे नाव दिले त्याच्याविरुद्धच्या लढ्याची बीजे या निर्णयात दिसतात.

1959 च्या जानेवारीत काँग्रेसने नागपूरच्या अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला आणि त्याच वर्षी, वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झालेली असताना, राजाजींनी एन. जी. रंगा आणि मिनू मसानी यांच्यासह स्वतंत्र पक्ष उभा केला. सहकाराच्या जिवावर उभ्या राहिलेल्या आमच्या जिल्ह्याला हा विरोध सहकारविरोधी वाटला असेल तर त्यात नवल नाही. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आमच्या साखर कारखान्यांत सभासद ऊस घालतो, ‘गोकुळ’च्या संस्थेत दूध घालतो, सातबारा मात्र त्याच्याच नावावर राहतो. नागपूरच्या ठरावात जमीनच एकत्र कसायची होती. बांध मोडायला आमच्या पंचगंगेच्या खोऱ्यातला एकही शेतकरी तयार झाला नसता, मग तो मत कोणालाही देत असो. नागपूरच्या ठरावातली सहकारी शेती प्रत्यक्षात रुजली नाही, आणि या एका मुद्द्यावर राजाजींना शेतकरी नेहरूंपेक्षा अधिक कळला होता, असे मला वाटते. स्वतंत्र पक्षाला लोकसभेत 1962 साली 18 आणि 1967 साली 44 जागा मिळाल्या. 1971 मध्ये त्या 8 वर आल्या.

तरीही कोल्हापूरच्या माणसाला राजाजी पचत नाहीत, ते 1953 सालच्या त्यांच्या शिक्षण योजनेमुळे. खेड्यांतल्या प्राथमिक शाळा दोन पाळ्यांत भरवायच्या, मुलांनी रोज तीन तास शाळेत बसायचे आणि उरलेल्या वेळात बापाच्या हाताखाली बापाचा धंदा शिकायचा, अशी ती योजना होती. शाळा आणि शिक्षक कमी, मुले जास्त, ही तिच्यामागची अडचण खरी होती. पण कुंभाराच्या मुलाने मडकी घडवावीत आणि चांभाराच्या मुलाने कातडी कमवावी, हा तिचा अर्थ लोकांनी बरोबर ओळखला, द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांच्या अनुयायांनी तिला ‘कुलक्कल्वी’ म्हणजे कुलशिक्षण म्हटले, आणि 1954 साली राजाजींना पद सोडावे लागले. त्यांच्यानंतर आलेल्या कामराजांनी ती योजना गुंडाळली.

बापाचा धंदा शिकणे म्हणजे काय, हे मी आमच्या गुऱ्हाळघरात पाहिलेले आहे. काहिलीतला पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, फेसाच्या रंगावरून कळते, आणि ती नजर कोणत्याही शाळेत मिळत नाही. त्यामुळे राजाजींना त्या ज्ञानाविषयी वाटणारा आदर मला खोटा वाटत नाही. पण आमच्या गुळव्याने स्वतःच्या मुलाला चुलवाणापाशी कधी बसू दिले नाही. हंगामात हात अपुरे पडत असतानाही तो पोरगा सकाळी दप्तर घेऊन बाहेर पडायचा.

राजाजींच्या योजनेच्या 36 वर्षे आधी, 1917 साली, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले होते, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद ठेवली होती. महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला, ही गोष्ट आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जातीने नेमून दिलेल्या कामातून माणसाला बाहेर काढण्यासाठी राजसत्ता वापरायची, ही शाहूंची रीत होती. राजाजींना सरकारने घरात शिरणेच मान्य नव्हते. धान्याच्या व्यापारातही नाही, शेताच्या बांधावरही नाही आणि मुलाच्या दुपारीवरही नाही. त्यांचा शहाणपणा आणि त्यांची चूक एकाच मुळातून आलेली आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यातले बरे तेवढे घेऊन बाकीचे सोडून देणे मला जमलेले नाही.

त्यांना बाजारपेठेचे पुजारी ठरवणाऱ्यांनी दारूबंदीचे प्रकरण जरूर पाहावे. 1937 साली त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली, आणि बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी 1939 मध्ये विक्रीकर लावला. परमिट नको म्हणणाऱ्या राजाजींना ताडीच्या दुकानावर मात्र सरकारची पूर्ण बंदी हवी होती, कारण तिथे त्यांच्या दृष्टीने व्यापाराचा नव्हे, घर मोडण्याचा प्रश्न होता. 1967 साली ज्या द्रमुकशी युती करून त्यांनी मद्रासमध्ये काँग्रेसला सत्तेवरून खाली खेचले, त्याच द्रमुकच्या सरकारने 1971 मध्ये दारूबंदी उठवायचे ठरवले, तेव्हा 92 वर्षांचे राजाजी भर पावसात मुख्यमंत्री करुणानिधी यांच्या घरी विनवणी करायला गेले. करुणानिधींनी त्यांचे ऐकले नाही.