मार्बलहेडचं दीपगृह : चढण्याआधी इतिहास बघा

इरी सरोवराच्या काठावर, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मार्बलहेडच्या टोकाला एक पांढरं, बुटकं दीपगृह उभं आहे. उंची जेमतेम 65 फूट, पण 1822 पासून याचा दिवा लागतोय. इरी धरून उत्तर अमेरिकेतली जी पाच महासरोवरं आहेत, त्यांवरचं अखंड चालू असलेलं हे सगळ्यांत जुनं दीपगृह.

क्लीव्हलँडहून गाडीने साधारण दीड तास लागतो. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच. आवारात फिरायला पैसे पडत नाहीत; मनोऱ्यावर जायचं तिकीट मात्र वेगळं, आणि तेही मुख्यतः उन्हाळ्यातच मिळतं. निघण्यापूर्वी वेळा बघून घ्या. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम.

बहुतेक लोक येतात ते थेट 77 पायऱ्या चढायला लागतात. माझं ऐकाल तर आधी आवारातल्या संग्रहालयात जा. तिथे जुनं फ्रेनेल भिंग, म्हणजे दिव्याचा प्रकाश एकवटून दूरवर फेकणारं भिंग, ठेवलंय. काचेच्या त्या कंगोऱ्यांसमोर जरा वेळ उभे राहा. हे भिंग फिरवणारं यंत्र घड्याळासारखं वजनांवर चालायचं आणि रखवालदाराला दर तीन तासांनी उठून ती वजनं वर ओढावी लागत. रात्रभर, रोज. त्याच्याही आधी वर व्हेलच्या तेलाचे 13 दिवे होते. ते भरायचे, वाती कापायच्या, काजळी पुसायची.

पहिला रखवालदार बेनाजा वॉलकॉट, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेला. 1832 मध्ये तो पटकीने गेला आणि दिव्याची जबाबदारी त्याची बायको रेचेल हिने उचलली. महासरोवरांवरची ती पहिली स्त्री रखवालदार. मला तरी या जागेचं खरं मोठेपण तिच्यात दिसतं. वॉलकॉटांचं दगडी घर दीपगृहापासून थोड्या अंतरावर अजून शाबूत आहे. गाडी आहेच, तर तिकडे वळाच.

मग मनोरा चढा. तळाशी चुनखडीच्या भिंती पाच फूट जाड आहेत, वर जाताना त्या दोन फुटांवर येतात. आत शिरल्यावर दारापाशीच ही जाडी नजरेत भरते. (सुरुवातीला मनोरा 50 फुटांचा होता, वरचे 15 फूट नंतर चढवले.) वरून केलीज बेट आणि सँडस्की उपसागर दिसतो. वारा जोरात असतो, टोपी धरून ठेवा. दिवा आता हिरवा आहे, दर सहा सेकंदांनी लुकलुकतो. दिवसा तो कळत नाही, म्हणून जमलं तर संध्याकाळपर्यंत थांबा.

खाली खडकांवर फोटोसाठी सगळेच उतरतात. इरी हे महासरोवरांतलं सर्वांत उथळ, त्यामुळे वारा सुटला की लाटा बघता बघता उसळतात आणि ओला चुनखडक भयंकर निसरडा होतो. पकड असलेले बूट घाला, मुलांचा हात सोडू नका. पाणी खडकावर चढत असेल तर फोटो वरच्या गवतावरूनच काढा. मनोरा तिथूनही पूर्ण येतो.